आजीचा वाडा

माझी आजी २०११ साली जुलैच्या थंडीत गेली. वाक्वाचा जुलै आपण सगळे जाणतो. चार दिवस बारीक पाऊस लागला होता आणि लाकूरमध्ये ठेवलेल्या खुर्च्या पुसता पुसता आमचे हात गारठले होते. वय पंच्याऐंशी झाले होते, त्यामुळे आक्रोश असा कोणी केला नाही. कास्कावेलहून तिच्या माहेरची माणसे आली, बांबूहून आली. समोरच्या घरातली क्रेओल बाई, जी तीस वर्षे आजीच्या गाईचे दूध घेत होती, ती दारातच बसून राहिली आणि म्हणाली, "आता घेवडा कधी लावायचा हे मला कोण सांगणार?" त्या दिवशी पुष्कळांनी पुष्कळ बोलून दाखवले, पण माझ्या लक्षात राहिले ते एवढेच.

वाचकहो, या पानावर आपल्या समाजातल्या मोठ्या माणसांविषयी वेळोवेळी लेख येतात आणि ते यावेतच. माझी आजी कोणत्याही मंडळाची अध्यक्ष नव्हती. तिच्या हस्ते कशाचे उद्घाटन झाले नाही. तरी तिच्यावर लिहायला बसले आहे, कारण अशा आज्या आपल्या प्रत्येक घरात होऊन गेल्या. आणि दुसरे असे की मला तिच्याशी एक हिशेब पुरा करायचा आहे. तो काय, ते ओघात येईलच.

आजीचा जन्म १९२६ चा, कास्कावेलच्या बाजूचा. पश्चिमेकडची ती कोरडी जमीन, माथ्यावर राँपारचा डोंगर, आणि नांगर घालावा तिथे दगड. तिचे वडील आधी इस्टेटीवर मजूर होते, मग थोडी जमीन त्यांनी स्वतःची केली. "केली" हा आजीचाच शब्द. विकत घेतली असे ती कधी म्हणाली नाही. कारण पैसे दिले एकदाच, पण दगड वेचले वीस वर्षे. आजही आपल्या उसाच्या शेतांतून जे काळ्या दगडांचे ढीग उभे दिसतात, त्यांतला एखादा ढीग आपल्या बापाचा आहे हे ती बसच्या खिडकीतून बोट करून दाखवायची. बस वेगात असायची, त्यामुळे नेमका कोणता ते मला कधीच कळले नाही.

शेतावरच्या मुलीचे आयुष्य तिने मला अनेकदा सांगितले. पहाटे उठून भावंडांसाठी पेज शिजवायची. मग कोयती घेऊन उसाच्या बांधावरचे गवत कापायचे, भारा बांधायचा, डोक्यावर चुंबळ ठेवून तो घरी आणायचा. कापणीच्या दिवसांत गवताऐवजी उसाचे शेंडे. कमरेला गोणपाट, हातांवर जुन्या मोज्यांचे पाय कापून चढवलेले, कारण उसाचे पान विळ्यासारखे कापते. तरी तिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत बारीक पांढऱ्या रेघा होत्या. लहानपणी मला वाटायचे की सगळ्याच आज्यांच्या हातांवर त्या असतात.

घराभोवती भाजीपाला. आम्ही मुले लालो, मारगोज, पिपांगाय, पातोल म्हणायचो. आजी भेंडी, कारले, शिराळे, पडवळ म्हणायची. बाजारात गिऱ्हाईक आले की तीच आजी लालो म्हणायची, आणि घरी परतताना टोपलीत उरलेली पुन्हा भेंडी व्हायची. मसाला ती शेवटपर्यंत रोस कारीवर वाटत राहिली. वरवंटा हा शब्दही तिला येत होता, पण तो ती फक्त रागावली की वापरायची. "वरवंटा घालीन डोक्यात" म्हणाली की आम्ही समजायचो.

एक गोष्ट तिला फार गमतीची वाटे. तिच्या वडिलांकडे शेतीची जुनी बोलणी होती. मृगात पेरावे, अमुक नक्षत्रात लावणी, तमुक पावसात किडे पडतात. ही सारी त्यांच्या वडिलांकडून आणि आजोबांकडून आलेली, थेट रत्नागिरीहून. पण इथे जून म्हणजे थंडी आणि ऊसतोडीची सुरुवात. पाऊस येतो तो डिसेंबर ते एप्रिल. श्रावण आपल्याकडे येतो तो धुकट, गार, आणि गणपती येतात ते गिरण्या ऐन भरात असताना. आजी म्हणायची, "माणसे बोटीवर चढली, बोलणी चढली, पण मृग काही चढलाच नाही." तरीसुद्धा पहिला मोठा पाऊस डिसेंबरात आला की ती बाहेर येऊन हात पसरायची आणि म्हणायची, "मृग लागला." चूक ठाऊक असून म्हणायची.

१९३७ साल तिला चांगले आठवत होते. ती अकरा वर्षांची होती. वडिलांनी उबा जातीचा ऊस लावला होता. लहान शेतकऱ्यांत उबा फार, कारण तो काटक. हलक्या जमिनीतही उभा राहतो, पाण्यावाचून तग धरतो. त्या हंगामात गिरण्यांनी उबाचा भाव पंधरा टक्क्यांनी कापला. साखर कमी उतरते हे कारण. ऑगस्टमध्ये पूर्वेकडे, फ्लाकच्या बाजूला, लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसे मेली. कास्कावेलपर्यंत ती बातमी तुकड्यातुकड्यांनी आली. आजीच्या आठवणीत मात्र गोळीबार नाही. तिला आठवे ते एवढे की वजनकाट्यावरून वडील परत आले, पैसे मोजले, पुन्हा मोजले, आणि आईला म्हणाले, "ऊस तोच आहे गो." पुढच्या शाळाप्रवेशाच्या वेळी धाकट्या भावाचे नाव घातले, तिचे नाही. त्या दोन गोष्टींचा संबंध तिने स्वतः कधी जोडून सांगितला नाही. मी जोडते आहे.

१९४६ मध्ये तिचे लग्न झाले आणि ती वर, वाक्वाच्या बाजूला आली. स्थळ पाहताना तिच्या आईने एकच गोष्ट पाहिली म्हणे. तेव्हा खालच्या पट्टीत हिवतापाने माणसे मरत. तिची दोन भावंडे त्यातच गेलेली. वर उंचावर ताप कमी. डीडीटीची मोठी मोहीम १९४९ ते १९५१ मध्ये झाली आणि पुढे १९७३ मध्ये आपले बेट हिवतापमुक्त म्हणून जाहीर झाले, पण १९४६ मध्ये हे कोणाला ठाऊक होते? "पोरगी भिजेल, पण जगेल," असे म्हणून आईने तिला वाक्वाला दिले. ती भिजली आणि जगली. इथल्या पावसाबद्दल मात्र तिची तक्रार शेवटपर्यंत होती. इथे ऊनसुद्धा ओले असते, असे तिचे मत.

आता तिच्या अक्षरांची गोष्ट सांगते, कारण पुढच्या साऱ्याचे मूळ त्यात आहे. १९४७ च्या नव्या घटनेने मताचा हक्क वाढवला. वसाहतीत चालणाऱ्या एखाद्या भाषेत साधी वाक्ये लिहिता-वाचता आली की पुरुषाला आणि बाईलाही मत देता येणार होते. पंडित बासदेव विष्णुदयाल यांच्या जनआंदोलनाचे कार्यकर्ते गावोगाव, बैठकाबैठकांतून लोकांना अक्षरे शिकवत होते. आजीचे पहिले मूल तेव्हा अंगावर होते. आजोबांना हे सारे थोडे जास्तच वाटले, पण त्यांनी अडवले नाही. दिवसभर शेतात, संध्याकाळी गाय, आणि मग बैठकेत दिव्याखाली पाटी. शिकवणे हिंदीत होते, पण नागरी अक्षरे तीच, तेव्हा मराठीही आपोआप वाचता येऊ लागली. तिचे नाव यादीत लागले. ऑगस्ट १९४८ मध्ये, बाविसाव्या वर्षी, तिने मत दिले. सर्वांना सरसकट मत १९५९ मध्ये मिळाले, तेव्हा ती जरा नाकाने म्हणे, "मला तर परीक्षा देऊन मिळाले होते."

तेव्हापासून छापलेल्या अक्षरावर तिची श्रद्धा बसली. छापलेले आहे म्हणजे खरे आहे. मग ती आरती असो, पंचांग असो की विजेचे बिल.

१९६० च्या फेब्रुवारीतले कारोल वादळ आपल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. आमच्या घरी ती गोष्ट दरवर्षी निघायची. घर पत्र्याचे. संध्याकाळपासून पत्रे कुरकुरू लागले तेव्हा आजोबांनी मुलांना शेजारच्या दगडी कोठारात हलवले. रात्रभर वारा. मग अचानक सगळे थांबले. वादळाचा डोळा बेटावर आला होता. काहींना वाटले संपले, ते घराकडे निघाले. आजी मात्र धावली ती गाईकडे. दावे सुरगाठीने बांधलेले होते. तिच्या वडिलांनी तिला लहानपणीच शिकवले होते की जनावराला कधी निरगाठ मारायची नाही, एका ओढीत सुटले पाहिजे. तिने ओढले, गाय मोकळी झाली आणि उसात शिरली. थोड्या वेळाने वारा परत आला, तो उलट्या दिशेने, आणि छप्पर खाली बसले. गाय तिसऱ्या दिवशी दगडांच्या एका ढिगाच्या आडोशाला उभी सापडली. "एक शिंग मोडले होते, पण रवंथ करत होती," हे शेवटचे वाक्य. ते आम्ही सगळे एकदम म्हणायचो.

मधली वर्षे मी झटपट ओलांडते. सहा मुले झाली. थोरला शाळा सोडून उसात गेला. धाकटी आत्या १९७७ मध्ये, माध्यमिक शिक्षण मोफत झाले त्याच वर्षी, कॉलेजात दाखल झाली. दोघांत वयाचे अंतर सतरा वर्षे, पण जणू दोन वेगळ्या देशांत जन्मले. १९७४ मध्ये साखरेला कधी नव्हे तो भाव आला, त्या पैशांतून काँक्रीटचे छत पडले. पुढच्याच फेब्रुवारीत जेर्व्हेज वादळ आले. छत हलले नाही. आजी रात्रभर जागी राहून ते हलते का हे पाहत होती.

मी १९७९ ची. आई-वडील कामावर जात, त्यामुळे मी आजीच्या पदराला. मराठी मला तिनेच दिली. शाळेत जे शिकले ते नंतर. तिच्याबरोबर गवताला जायचे, गाईला पाणी पाजायचे, खळ्यात बसून शेवग्याची पाने खुडायची. तिची मराठी ऐकून ऐकून मी शाळेत पहिली यायची, आणि त्याच जोरावर पुढे मराठीची शिक्षिका झाले. प्रशिक्षणासाठी मोका आणि रेद्वी इथे जाऊ लागले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. तिथे पहिल्यांदा कळले की मराठीला प्रमाणभाषा नावाची एक गोष्ट असते. व्याकरण, शुद्धलेखन, अनुस्वार. मला फार आवडले ते. नव्या सुनेला घराच्या किल्ल्या मिळाव्यात तसे मला झाले.

२००२ चे गणपती. घर माणसांनी भरलेले, मोदक झालेले, संध्याकाळी झाकरी व्हायची होती. मुले आजीभोवती जमली आणि कारोलची गोष्ट सुरू झाली. सगळे थांबले, डोळा आला, आणि आजी म्हणाली, "मी धावले वाड्यात. वाड्यात गाय बांधलेली..."

मी मध्येच बोलले. हसतच बोलले. "आजी, वाडा म्हणजे श्रीमंतांचे मोठे घर. गाय बांधतात तो गोठा. गोठा म्हण."

मुले हसली. एक भाचा म्हणाला, आजीची गाय बंगल्यात राहत होती. मग मोठी माणसेही हसली. आजी थोडा वेळ गप्प राहिली. पुढची गोष्ट तिने सांगितली, पूर्ण सांगितली, पण क्रेओलमध्ये. शेवटचे वाक्य कोणी एकदम म्हटले नाही, कारण क्रेओलमध्ये ते कसे म्हणायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते.

मला त्यात काही वावगे वाटले नाही. पाहुण्यांत क्रेओल चालतेच. दोन-तीन महिन्यांनी आई मला म्हणाली, "तुझ्या लक्षात आले का? त्या तुझ्याशी मराठी बोलत नाहीत." मी आठवून पाहिले. खरेच. आईशी बोलायची, देवाशी बोलायची, गाईशी तर मराठीशिवाय नाहीच. माझ्याशी क्रेओल. राग नव्हता, आवाजात प्रेम तेच. जेवलीस का विचारायची, पण ते "मांजे फिनी?" असे.

मी तिच्याजवळ गेले. "आजी, माझे चुकले. तू तुझीच मराठी बोल." तिने टेबलावरचे माझे वाचनपुस्तक ओढून घेतले. चष्मा लावला. पाने उलटत गेली आणि एका चित्राखाली बोट ठेवले. गाय, वासरू, गवताची पेंढी. खाली मोठ्या ठशात लिहिलेले, गोठा. तिने ते अक्षर अक्षर लावून वाचले, जसे बैठकेत शिकली असेल तसे.

"तुझे बरोबर आहे," ती क्रेओलमध्ये म्हणाली. "छापलेले आहे."

याला मी काय उत्तर देणार होते? तिच्यापाशी असलेला शब्द कुठे छापलेला मी पाहिला नव्हता. आणि खरे सांगायचे तर त्या वेळी मलाही मनातून वाटत होते की बरोबर मीच आहे, फक्त बोलले तिथे चुकले.

नऊ वर्षे असे चालले. मधे एकदा मी मोकाच्या संस्थेत जाऊन जुन्या स्थलांतराच्या कागदांत तिच्या पणजोबांची नोंद शोधली. मुंबईहून आलेले, जिल्हा रत्नागिरी, गावाचे नाव कारकुनाने कानाला पडले तसे रोमन अक्षरांत लिहिलेले. त्यावरून गाव काही ओळखता येईना. धावत घरी येऊन तिला सांगितले. तिने विचारले, फोटो आहे का. ते आले तेव्हा फोटो काढण्याची पद्धत सुरू झाली नव्हती, नंतरच्या लोकांचे आहेत. "मग डोळे कोणासारखे होते ते कळणार नाही," ती म्हणाली. हेही क्रेओलमध्येच.

शेवटची गाय २००४ मध्ये विकली. तिचे गुडघे गेले होते आणि गवत आणायला कोणी नव्हते. गाय गाडीत चढेना, तेव्हा आजीने तिच्या कानाशी जाऊन काही सांगितले. मी जवळ उभी होते. ते मराठीत होते, म्हणून मी दोन पावले मागे सरकले. आपल्यासाठी नसलेले ऐकू नये असे वाटले.

आजी गेल्यावर तीन वर्षांनी, २०१४ मध्ये, मला काही शिक्षकांबरोबर महाराष्ट्रात जाण्याची संधी मिळाली. पुणे पाहिले, मुंबई पाहिली. मी हट्टाने दोन दिवस रत्नागिरीकडे काढले. एसटीने एका गावात गेलो. कोणते ते महत्त्वाचे नाही, आमचे ते असायची शक्यता कमीच. तांबडी माती, काळा दगड, उतरती छपरे. एका घरी पाणी मागितले. घरची म्हातारी दारात आली. आम्ही मॉरिशसचे हे तिला काही नीट उमगले नाही, पण मराठी बोलतो म्हणून खूश झाली. बसा म्हणाली, आणि मग सहज, चुंबळ डोक्यावरून काढत,

"वाईच थांबा हां. गुरां वाड्यात बांधून येतंय."

माझ्या सोबतच्या बाईंना वाटले मला ऊन लागले. मी पायरीवर बसले होते आणि मला बोलता येत नव्हते. नंतर तिथल्या एका शिक्षकांना विचारले. ते म्हणाले, अहो, कोकणात सर्रास वाडाच म्हणतात गुरांचा. जुना शब्द आहे. त्यात काय विशेष?

त्यांचेही बरोबरच होते. विशेष काही नाही. आजीचे पणजोबा तो शब्द घेऊन बोटीवर चढले. इस्टेटीचा कँप, हिवताप, उबाचा भाव, कारोल या सगळ्यांतून तो त्यांच्या पणतीच्या तोंडी शाबूत राहिला. प्रशिक्षण घेतलेल्या एका नातीसमोर मात्र टिकला नाही.

परवा आमच्या वर्गात तोच धडा आला. पुस्तक आता बदलले आहे, चित्र रंगीत झाले आहे. मुले नऊ. २०१२ पासून शाळांत क्रेओल हाही विषय झाला आहे आणि पालकांना निवड करावी लागते, त्यामुळे आमचे वर्ग लहान असतात. त्याबद्दल कुरकुर करायला हे पान नव्हे. मी फळ्यावर गोठा लिहिले. त्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, वाडा लिहिले. एका मुलीने हात वर केला. मला वाटले ती विचारणार, परीक्षेत कोणता लिहायचा. तो प्रश्न दरवर्षी येतो आणि मी सांगते, दोन्ही. पण तिने विचारले, "मिस, गाय पळून नाही जात का?"

नऊ जणांत एकानेही गाय बांधलेली पाहिलेली नाही. मी कपाटातून उड्या मारायची दोरी काढली. खुर्चीच्या पायाला आजीची सुरगाठ मारून दाखवली आणि त्या मुलीच्या हातात टोक दिले. तिने ओढले. दोरी सुटली, खुर्ची होती तिथेच राहिली, आणि मग सगळ्यांनाच ओढून पाहायचे होते. घंटा झाली तरी रांग संपली नव्हती.